सरकणाऱ्या भूमीचे मोजमाप

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्ब्टन यांची कबर आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे ते प्रवर्तक. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ त्यांनी पोलादी साखळीने पहिली पायारेषा मोजावयास प्रारंभ केला आणि पुढील वीस वर्षे डोंगरमाथे, मंदिरांची गोपुरे व मुद्दाम उभारलेले मनोरे यांच्या आधारे त्रिकोणामागून त्रिकोण रचीत ते उत्तरेकडे सरकत राहिले. कोन मोजण्याचे त्यांचे थिओडोलाइट हे उपकरण सुमारे अर्धा टन वजनाचे होते. हैदराबादहून नागपूरकडे येत असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट मुक्कामी त्यांचे निधन झाले. उरलेले काम जॉर्ज एव्हरेस्ट आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. त्याच सर्वेक्षणातील निरीक्षणांवरून राधानाथ सिकदार यांनी १८५२ च्या सुमारास जगातील सर्वोच्च शिखराचे गणित केले. १८५६ मध्ये जाहीर झालेली त्या शिखराची उंची २९,००२ फूट होती. नेपाळ व चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये संयुक्तपणे जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून केलेल्या त्या जुन्या मापनात केवळ नऊ-दहा मीटरचा फरक निघावा, ही गोष्ट आम्हांस आजही विस्मयकारक वाटते.

लॅम्ब्टन यांच्या साऱ्या गणिताला एक मूक गृहीतक होते. दगडात कोरलेली खूण जेथे कोरली तेथेच राहते, हे ते गृहीतक. आज आपणांस ठाऊक आहे की, भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. या हिशेबाने लॅम्ब्टन यांची कबरही, शेजारच्या झाडांसह व घरांसह, गेल्या दोनशे वर्षांत दहा मीटर पुढे गेली आहे.

भूगोलाच्या तासाला भारत आशियाला धडकला व हिमालय उभा राहिला, हे आम्ही दरवर्षी शिकवितो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. परंतु पाच सेंटिमीटर हे माप कोणी, कशाने आणि कशाच्या सापेक्ष घेतले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पाठ्यपुस्तकात त्याला जागा नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे तो आम्ही मांडीत आहोत. कारण या मोजमापाचा संबंध मुले ज्या छपराखाली झोपतात त्या छपरापर्यंत येऊन पोहोचतो.

खंडे सरकतात असे प्रतिपादन आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. ग्रीनलंडचे रेखांश वेगवेगळ्या काळी मोजले गेले होते. त्यांत पडलेला फरक त्यांनी पुरावा म्हणून पुढे ठेवला. त्या आकड्यांनुसार ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकत होते. ते आकडे चुकीचे होते. ताऱ्यांवरून व घड्याळांवरून रेखांश काढण्याच्या तत्कालीन रीतीत जेवढी त्रुटी राहत असे, तिच्या तुलनेत खरी हालचाल कितीतरी लहान होती. सिद्धान्त योग्य, पण मोजमाप अपुरे, असा हा प्रसंग. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्याच बर्फात मृत्यू पावले. त्यांचे म्हणणे प्रत्यक्ष मोजून दाखविता येण्यास आणखी अर्धशतक लोटावे लागले.

ते शक्य झाले उपग्रहांमुळे. आपल्या हातातील मोबाइल ज्या जीपीएस प्रणालीवरून रस्ता दाखवितो, तिचे उपग्रह भूपृष्ठापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. उपग्रह सतत सांगत असतो की, मी अमुक ठिकाणी आहे व माझ्या घड्याळात अमुक वेळ झाली आहे. संदेश येण्यास लागलेला काळ गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे उपग्रहाचे अंतर. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून आपले स्थान निघते. चौथा लागतो तो आपल्या उपकरणातील स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. काळाच्या मापनात सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक झाली, तर अंतरात ३० सेंटिमीटरची चूक होते. आइनस्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धान्तानुसार उपग्रहातील घड्याळ जमिनीवरील घड्याळाच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरहून अधिक घोटाळा होईल.

एवढे करूनही मोबाइल आपले स्थान काही मीटरपर्यंतच अचूक सांगतो. मग वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची हालचाल कशी कळावी? येथे भूगणित या शास्त्राचे कौशल्य दिसते. उपग्रहाचा संदेश ज्या रेडिओ तरंगावर स्वार होऊन येतो, त्याची तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. संशोधक संदेशातील वेळेबरोबर त्या तरंगाचे चढउतारही मोजतात. तरंगाचा शंभरावा भाग ओळखता आला, तर दोन मिलिमीटर ओळखता आले. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, तरंगाला होणारा विलंब काढून टाकण्यासाठी दोन निरनिराळ्या वारंवारतांचे तरंग वापरतात. उपग्रह प्रत्यक्षात कोणत्या कक्षेतून गेला, याचे अधिक काटेकोर गणित जगभरच्या स्थानकांवरून मागाहून केले जाते. बाष्पामुळे होणारा विलंब मात्र सहज दूर होत नाही, आणि आपल्याकडील पावसाळ्यात तो बराच असतो. त्याचेही अनुमान गणितातूनच काढावे लागते. गमतीचा भाग असा की, भूगणितज्ञांच्या दृष्टीने जी अडचण, तीच हवामानशास्त्रज्ञांना हवी असलेली माहिती. हवेतील बाष्पाचे प्रमाण ते याच स्थानकांकडून मिळवितात.

स्थानक म्हणजे तरी काय? मूळ खडकात घट्ट रोवलेला खांब, त्यावर अँटेना, शेजारी संदेश ग्रहण करणारे यंत्र, आणि दुर्गम जागी सौर पट्ट्या. ते रात्रंदिवस, वर्षानुवर्षे एकाच गोष्टीची नोंद करते : मी कोठे आहे. एका दिवसाच्या नोंदीत काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात. पण तीन-चार वर्षांचे बिंदू आलेखावर मांडले की त्यांतून एक तिरपी रेषा स्पष्ट होते. तो त्या खडकाचा वेग. हैदराबाद व बंगळूर येथील स्थानके गेली अनेक वर्षे अशा नोंदी करीत आहेत आणि द्वीपकल्पाचा ईशान्येकडील प्रवास त्यांच्या आलेखांत दिसतो.

या आलेखातील रेषा सरळ नसते, हे विशेष सांगावयास हवे. तिच्यावर दरवर्षी एक लाट उमटते. नेपाळमधील स्थानके पावसाळ्यात किंचित खाली दबतात व हिवाळ्यात पुन्हा वर येतात. कारण मोठे मनोरम आहे. पावसाचे अपार पाणी गंगेच्या मैदानात, नद्यांत व भूजलात साठते. त्याच्या वजनाने भूकवच खाली वाकते आणि पाणी ओसरले की पूर्ववत होते. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या काठी मनाउस येथील स्थानक वर्षभरात पाच ते साडेसात सेंटिमीटर खालीवर होते. ज्या भूमीला आपण अचल म्हणतो, ती पावसाच्या भाराने लवते हे प्रथम वाचले, तेव्हा आम्ही आकडा पुन्हा तपासून पाहिला.

आता ‘कशाच्या सापेक्ष’ या प्रश्नाकडे येऊ. नदीकाठी उभे राहून वाहणारी नाव मोजता येते. पण काठच सरकत असेल तर? पृथ्वीवरील एकही खडक स्थिर धरता येत नाही. म्हणून आधार घ्यावा लागतो तो पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राचा आणि कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या क्वेसार या खस्थ पदार्थांचा. तेही गतिमानच आहेत. मात्र इतके दूर की त्यांची हालचाल आपल्या मापात येत नाही. जगातील सर्व स्थानकांच्या नोंदी एकत्र करून जी संदर्भचौकट तयार केली जाते, तीही दर काही वर्षांनी नव्याने मांडावी लागते. म्हणजे मोजपट्टीचेच पुनःपुन्हा परीक्षण होत असते.

आपल्या वाचकांना येथे अनित्यतेची आठवण होणे स्वाभाविक आहे. महापरिनिब्बान सुत्तात आनंदाने भूकंपाचे कारण विचारले असता तथागतांनी आठ कारणे सांगितल्याचे आले आहे. त्यांतील पहिले भौतिक स्वरूपाचे आहे : पृथ्वी जलावर, जल वायूवर व वायू आकाशात स्थित असून वायूच्या क्षोभाने जल हलते आणि जलाच्या हालचालीने पृथ्वी कंपित होते. ही त्या काळची विश्वरचनेची कल्पना होय. तीत आधुनिक भूविज्ञान शोधण्याचा मोह काहींना होतो. आम्हांस तो योग्य वाटत नाही. ऐकीव गोष्ट पारखून घेण्याची जी शिकवण धम्माने दिली आहे, तिच्याशी मोजमापाचे नाते अधिक जवळचे आहे.

जमिनीच्या मोजणीशी ज्यांचा संबंध येतो अशा पालकांच्या मनात एक व्यावहारिक शंका येईल. भूमी सरकते, तर शेताचा बांधही सरकतो काय? सरकतो, पण शेजाऱ्याचे शेत, गाव, तालुका सारे एकत्रच सरकत असल्याने बांधावरून भांडण्यास हे नवे कारण मिळत नाही. प्रश्न येतो तो उपग्रहांवरून काढलेल्या अक्षांश-रेखांशांचा. ऑस्ट्रेलिया खंड वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर सरकते. तेथील १९९४ च्या आधारे ठरविलेली अधिकृत स्थाने २०२० च्या नव्या चौकटीत सुमारे १.८ मीटरने बदलावी लागली. आपल्याकडे गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी झाली, तीतही उपग्रहाधारित स्थानकांचा उपयोग केला गेला. महसुली अभिलेखांसाठी बसविलेले स्थानक भूपट्टाच्या हालचालीचीही नोंद करीत असते.

सर्वांत गंभीर उपयोग मात्र हिमालयाचा आहे. द्वीपकल्पाचा वेग पाच सेंटिमीटर असला, तरी तो सर्व हिमालयात खर्च होत नाही. काही भाग तिबेट व त्यापलीकडील प्रदेश सामावून घेतो. नेपाळमध्ये १९९० च्या दशकापासून केलेल्या उपग्रहमापनांनी दाखवून दिले की, हिमालयाच्या दोन बाजूंमधील अंतर वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर कमी होत आहे. भारतीय भूपट्ट ज्या प्रचंड विभंगावरून हिमालयाखाली शिरतो, तो वरच्या भागात घट्ट अडकलेला आहे. खोलवर खडक पुढे सरकतो, वर अडतो. मधला भाग धनुष्यासारखा वाकतो. दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाची रुंदी. पण शंभर वर्षांत ते दोन मीटर होतात.

काठमांडू खोऱ्याला २६ ऑगस्ट १८३३ रोजी मोठा भूकंप झाला होता. १५ जानेवारी १९३४ च्या महाभूकंपात विभंगाचा पूर्वेकडील भाग मोकळा झाला. १८३३ पासून २०१५ पर्यंत १८२ वर्षे होतात, आणि वर्षाला दोन सेंटिमीटर धरले तर साठलेली तूट साडेतीन मीटरहून अधिक येते. हे गणित संशोधकांच्या हाती होते. दिवस मात्र कोणालाच ठाऊक नव्हता.

२५ एप्रिल २०१५ रोजी, शनिवारी, नेपाळी वेळेनुसार सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी गोरखा जिल्ह्यात विभंग सुटला व पूर्वेकडे सुमारे १४० किलोमीटरपर्यंत फाटत गेला. भूकंपाची तीव्रता ७.८ होती. नेपाळच्या खाण व भूगर्भशास्त्र विभागाने कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने उभारलेली स्थानके त्या क्षणी चालू होती आणि त्यांपैकी काही सेकंदाला पाच नोंदी करीत होती. काठमांडू परिसर अवघ्या काही सेकंदांत दक्षिणेकडे दीड ते दोन मीटर सरकला आणि सुमारे एक मीटर वर उचलला गेला, तर उत्तरेकडील उंच पर्वतांचा पट्टा खाली बसला. उपग्रहांवरील रडारने आधी व नंतर घेतलेल्या प्रतिमा ताडून पाहता या उंचसखल बदलाचा संपूर्ण नकाशाच तयार झाला.

याच नोंदींतून आणखी एक गोष्ट उघड झाली. काठमांडू हे प्राचीन सरोवराच्या गाळावर वसलेले आहे. तो गाळ चार-पाच सेकंदांच्या संथ हेलकाव्यांनी डोलत राहिला. अशा हेलकाव्याने उंच वास्तूंना धोका पोहोचतो. धरहरा मनोरा कोसळला. दोन-तीन मजली घरांना जे जलद हादरे घातक असतात, ते भीती होती त्या मानाने शहरात कमी जाणवले. डोंगरातील खेड्यांत मात्र दगडमातीची घरे ढासळली आणि सर्वाधिक बळी सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गेले. एकूण मृतांची संख्या सुमारे नऊ हजार होती. स्वयंभूनाथ परिसराची हानी झाली. बौद्धनाथ स्तूपाच्या शिखरभागाला तडे गेले, तो उतरवून नव्याने बांधावा लागला. नोव्हेंबर १९५६ मध्ये, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिन्याभरातच, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच काठमांडूत गेले होते; लुंबिनीला जाणारे आपले कितीतरी उपासक पुढे या स्तूपांच्याही दर्शनास जातात.

शनिवार हा नेपाळमध्ये साप्ताहिक सुटीचा दिवस. सात हजारांच्या आसपास शाळांचे नुकसान झाले, पण वर्ग रिकामे होते. तोच भूकंप शुक्रवारी त्याच वेळी झाला असता, तर काय घडले असते, याची कल्पनाही असह्य आहे. काठमांडू खोऱ्यातील काही सरकारी शाळांच्या इमारतींचे भूकंपापूर्वीच मजबुतीकरण करण्यात आले होते. त्या उभ्या राहिल्या.

काठमांडूच्या पश्चिमेस अजूनही विभंगाचा एक लांब भाग अडकलेला आहे. तेथे १५०५ नंतर महाभूकंप झालेला नाही. स्थानके दरवर्षी तेच दोन सेंटिमीटर नोंदवीत आहेत आणि बेरीज आता दहा मीटरच्या घरात गेली आहे. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पश्चिम नेपाळमधील जाजरकोट परिसरात जो भूकंप झाला, तो या हिशेबात अगदी किरकोळ होता. तरीही दगडमातीच्या घरांखाली दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली.

हिमालय दूर आहे, असे म्हणून आपणांस स्वस्थ बसता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे घडले, ते अनेक वाचकांनी अनुभवले आहे. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. तत्पूर्वीच्या भूकंपविषयक नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये मानक सुधारताना पहिला विभागच काढून टाकण्यात आला व तो परिसर तिसऱ्या विभागात आला. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप धरणाच्या जलाशयाशी निगडित मानला जातो आणि तेथे आजही लहान धक्के बसतात. द्वीपकल्पाच्या अंतर्भागात ताण इतका संथपणे साठतो की, वर्षाला मिलिमीटरच्या आतली ती हालचाल उपग्रहांनाही सहज पकडता येत नाही. हिमालयात निदान थकबाकी किती ते कळते; किल्लारीसारख्या ठिकाणी तेवढेही नाही. जेथे मोजमाप मौन धरते, तेथे धोका नाही असे समजणे ही आमच्या मते सर्वांत घातक समजूत आहे. भूकंपाची तारीख सांगतो म्हणणाऱ्या संदेशांना मोबाइलवर जेवढे महत्त्व मिळते, त्याच्या दशांशाने तरी भिंतींकडे लक्ष दिले जावे.

किल्लारीत माणसे मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या भाराने. दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना बांधून ठेवणारा सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, दगडी भिंतीत आरपार जाणारे बंधदगड, ही साधने भारतीय मानकांत सविस्तर दिलेली आहेत आणि ती महाग नाहीत. निवासी विद्यालयात मुले रात्रीही इमारतीतच असतात. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला होता. आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज स्थापत्य अभियंते व सर्वेक्षक आहेत. त्यांनी सुटीत एकदा यावे, वसतिगृहाच्या जुन्या इमारतींच्या भिंती, पट्टे व छप्पर तपासावे आणि लेखी अहवाल द्यावा, अशी आमची विनंती आहे. स्मरणिकेनंतर जो निधी उरेल, त्याचा पहिला खर्च नव्या कमानीवर न होता त्या अहवालानुसार व्हावा.